काढून घेतलेले स्थळ

"जय भीम. मीनलचे वडील बोलतायत ना?"

फोनवरच्या बाईंचा आवाज मोठा होता. शंकर ओव्हाळने फोन कानाशी आणखी दाबून धरला आणि स्वयंपाकघराकडे पाहिले. मीनल ओट्यापाशी पाठमोरी उभी राहून डब्यात भाजी भरत होती. तो उठला, गॅलरीत गेला आणि मागचे सरकते दार ओढून घेतले.

"जय भीम. बोलतोय."

"मी अंबरनाथवरनं बोलते, वडवलीतनं. मुलगा माझा पोस्टात आहे. तुमच्या मुलीची माहिती वाचली, आम्हाला पसंत पडली. फोटो काय दिसत नाय. म्हटलं, नसू दे, समोरासमोरच बघू. या रविवारी आलो तर चालेल ना?"

"ताई, आम्ही स्थळ काढून घेतलंय. बरेच दिवस झाले."

"असं कसं? मोबाइलवर तर दिसतंय. नावापुढं सोनेरी खूण पण आहे. पैसे भरलेल्यांनाच देतात ती."

"चुकून राहिलं असेल."

"मग जमलं का कुठं?"

"नाही."

"जमलं नाय, आणि काढून घेतलं?"

शंकरने कठड्यावरून वाकून पाहिले. खाली सोसायटीच्या फाटकातून पाण्याचा टँकर मागे मागे येत होता आणि वॉचमन हाताने त्याला दिशा दाखवत होता. "टँकर आलाय ताई, ठेवतो," असे म्हणून त्याने फोन बंद केला. तेव्हा त्याला पडद्यावर सकाळी आलेला, पण न वाचलेला, बँकेचा संदेश दिसला. लग्न जुळवणाऱ्या त्या अ‍ॅपने पुढच्या तीन महिन्यांचे पैसे त्याच्या खात्यातून कापून घेतले होते.

तो आत आला तेव्हा मीनल हेल्मेट शोधत होती.

"कोणाचा फोन?"

"मधुचा. कंपनीतल्या."

"मधुकाकांशी गॅलरीत जाऊन बोलायचं?"

"रेंज नव्हती आत."

मीनलने त्याच्याकडे पाहिले. मग हेल्मेट उचलले, डबा पिशवीत ठेवला आणि "आज चारपर्यंत येते," एवढे म्हणून ती निघून गेली. अंबरनाथच्या एका डायलिसिस सेंटरमध्ये ती तंत्रज्ञ होती. बदलापूरच्या कात्रपपासून तिथपर्यंत ती रोज स्कूटीने जात असे. स्कूटीचा आवाज दूर जाईपर्यंत शंकर दारात उभा राहिला.

खोटे बोलण्याची त्याला सवय नव्हती. आणि हे खोटे तर ज्या गोष्टीविषयी त्याने मुलीला शब्द दिला होता, नेमके तिच्याचविषयी होते.

शब्द त्याने पावसाळ्याच्या शेवटी एका रविवारी दिला होता. त्या दिवशी कल्याणहून चौघे जण बघायला आले होते. मुलगा बोलायला बरा होता, पण त्याच्या मामांनी बैठकीचा ताबा घेतला. पगार घरात देतेस की स्वतःकडे ठेवतेस, असे त्यांनी विचारले. लिहिलेले वय खरे आहे का, हेही विचारले. मीनलने सगळ्या प्रश्नांची सरळ उत्तरे दिली. पाहुणे गेल्यावर ती कप विसळत बसली. पांढऱ्या चिनी मातीचे, निळ्या काठाचे ते सहा कप तिच्या आईने, शीलाने, उल्हासनगरच्या बाजारातून खास बघायला येणाऱ्यांसाठी आणले होते. दुकानदार सिंधी होता. कप कागदात गुंडाळताना तो शीलाला म्हणाला होता, "ताई, लग्नाचा डिनर सेट पण माझ्याकडूनच घ्यायचा, हां." शीला जाऊन आता चार वर्षे होत आली होती. कप एरवी शोकेसमध्ये असत. पाहुणे आले की खाली उतरत, पाहुणे गेले की पुसून पुन्हा वर जात.

"पप्पा, आता पुरे," मीनल नळ बंद करून म्हणाली होती.

"एवढ्याशा गोष्टीवरून? मामाच आगाऊ होता. मुलगा—"

"मामाचं नाही काही. मला हे बघणं नको. ट्रे घेऊन बाहेर यायचं नि सगळ्यांनी वर-खाली बघायचं, ते नको. माझे पेशंट मला रोज विचारतात, 'उद्या तूच आहेस ना गं मशीनवर?' त्यांना माझं वय नाही लागत." मग तिने हात पुसले आणि आवाज न चढवता पुढचे सांगितले. "पुन्हा माझं नाव कोणासमोर ठेवलंत तर मी सेंटरजवळ खोली घेईन. भांडून नाही जाणार. पण जाईन."

"नाही ठेवणार. शब्द देतो."

त्याने शब्द पाळला होता. निदान त्याची तशी समजूत होती. उल्हासनगरला त्यांच्या समाजाचे एक वधू-वर मंडळ होते. शीला हयात असताना मीनलचे नाव तिथेही नोंदवलेले होते. मंडळाची रीत साधी होती. फायलीत फोटो आणि माहितीचा कागद लावलेला असे. पालक येऊन फोटो परत घेऊन गेले, की स्थळ उठले. त्यानंतर मंडळाचे लोक चुकूनही त्या घरी फोन करीत नसत. शब्द दिल्याच्या दुसऱ्याच दिवशी शंकरने तिथून फोटो परत आणला आणि अ‍ॅपमध्ये जाऊन मीनलचे फोटो एकेक करून काढले. मग बोट दाबून धरून अ‍ॅपही फोनमधून काढून टाकले. फोटो परत घेतला, फाइल मिटली. त्याच्या लेखी विषय संपला होता.

आता त्याला कळत नव्हते की काढून घेतलेले स्थळ वडवलीच्या त्या बाईंना दिसलेच कसे, आणि त्याचे पैसे आपल्या खात्यातून कापले कसे गेले.

अकराच्या सुमारास तो शिरगावला मधुकडे गेला. मधु आणि तो अंबरनाथ एमआयडीसीतल्या एकाच रासायनिक कारखान्यात होते. शंकर बॉयलरवर आणि मधु गेटवर. शंकर गेल्या वर्षी निवृत्त झाला. मधुने त्याच्या आधीच नोकरी सोडून घराखालच्या गाळ्यात स्टेशनरीचे दुकान टाकले होते.

"मग परत डिलीट मार ना," सगळे ऐकून मधु म्हणाला.

"आता काय डिलीट मारू? फोनात नाहीच ते."

"नाही, आणि पैसे कापतंय? भारी आहे रे! बॉयलर चालवलास आयुष्यभर, आणि इथे एवढ्याशा मोबाइलसमोर घाम फुटला तुला."

"मस्करी नको मध्या. किती गेले माहितीये? माझी पेन्शन येत नाही तेवढी."

"मीनलला विचार की. ती करेल दोन मिनिटांत."

"तिलाच कळू द्यायचं नाहीये."

मधुला त्या रविवारची हकीकत माहीत होती. "आपला बाप अजून स्थळं शोधतोय असं वाटेल तिला," तो म्हणाला. "आण इकडे फोन. कस्टमर केअरचा नंबर काढून देतो."

त्याने नेटवर अ‍ॅपचे नाव घालून शोधले. सगळ्यात वर जो नंबर आला तो एका वहीच्या पुठ्ठ्याच्या तुकड्यावर लिहिला आणि शंकरच्या हातात दिला. "बोल यांच्याशी. पैसे पण मागून घे."

शंकरने घरी येऊन, पंख्याखाली बसून, तो नंबर लावला. पहिल्याच घंटीला फोन उचलला गेला.

"नमस्ते सर, कस्टमर केअर में आपका स्वागत है. पैसा कट गया क्या?"

"हां, कट गया. और लडकी का नाम भी निकालना है उसमें से."

"हो जाएगा सर, बिलकुल हो जाएगा. कौनसी कंपनी का था?"

शंकर थांबला. "तुम कौनसी कंपनी से बोलता है?"

"सर, हम सब कंपनी का रिफंड देखते हैं. आप टेन्शन मत लो अंकल. मैं एक लिंक भेज रहा हूँ, वो अ‍ॅप डाल दो. मेरे को आपका स्क्रीन दिखेगा, मैं इधर से सब कर दूँगा. बाद में खाली पिन डालना, पैसा वापस आ जाएगा."

माणूस गोड बोलत होता. शंकरला तो हवाही होता, कारण त्याच्यामुळे सारे चार वाजायच्या आत मिटले असते. लिंक आली. त्याचे बोट तिच्यावर गेलेही. पण 'पिन' हा शब्द त्याच्या मनात अडकून राहिला. सोसायटीच्या टँकरचे पैसे गोळा करायचे काम निवृत्तीनंतर त्याच्याकडे आले होते. महिन्यातून कितीतरी वेळा लोक त्याच्या खात्यात पैसे पाठवत आणि फोन नुसताच वाजे. पिन टाकावा लागे तो टँकरवाल्याला पैसे देताना.

"पैसा लेने को पिन कायको लगता है?" त्याने विचारले.

"सर, वो सिस्टम ऐसा है."

"मेरे पास रोज आता है पैसा. कभी नहीं लगा."

"अंकल, आपको पैसा चाहिए कि नहीं चाहिए?" आवाजातला गोडवा गेला होता.

शंकरने फोन बंद केला. तोच नंबर पुन्हा वाजला, मग आणखी एकदा. त्याने फोन गादीवर पालथा ठेवला आणि आलेली लिंक पुसून टाकली. पुठ्ठ्याच्या तुकड्याचे बारीक तुकडे करून त्याने ते केराच्या डब्यात टाकले.

मग त्याने दुसरा मार्ग धरला. अ‍ॅप पुन्हा फोनमध्ये घ्यायचे, आत जायचे, नाव काढायचे आणि बाहेर यायचे. अ‍ॅप उतरले. अ‍ॅपने खात्याचा नोंदणी क्रमांक विचारला. शंकरने डायरीत लिहून ठेवलेला तो टाकला आणि सांकेतिक आकड्याची वाट पाहत बसला. त्याच्या फोनवर काहीच आले नाही. 'आकडा पुन्हा पाठवा' असे लिहिले होते, तिथे त्याने दोनदा बोट लावले. तरीही काही आले नाही.

आणि मग मीनलचा फोन आला.

"पप्पा, मला आत्ता तीन ओटीपी आले. त्या अ‍ॅपचे."

शंकरला तेव्हा आठवले. ते खाते सात वर्षांपूर्वी मीनलनेच उघडले होते, आईच्या शेजारी बसून, स्वतःच्या नंबरवर. भेटायला येणाऱ्यांसाठी वडिलांचा नंबर दिलेला होता. पण आत जाण्याची किल्ली पहिल्यापासून तिच्याकडे होती. अ‍ॅप काढून टाकेपर्यंत त्याला ती कधी लागलीच नव्हती.

"तुम्ही टाकलात नंबर?"

"हो. पण मीनू, ते—"

"पेशंट आहे मशीनवर. घरी आल्यावर बोलू."

तिच्या मागून यंत्राचा बारीक, ठरावीक अंतराने येणारा सूर ऐकू आला आणि फोन बंद झाला.

दुपारभर त्याच्यापुढे एकच प्रश्न होता. अ‍ॅप पुन्हा काढून टाकावे आणि 'चुकून दाबले गेले' म्हणावे, की जे झाले ते सांगावे? पहिले सोपे होते. पण सकाळी मधुचे नाव खोटेच घेतलेले होते, आणि त्यावर दुसरे चढवले तर पुढे आपल्या शब्दाला या घरात काय किंमत राहील, हे त्याला समजत होते. त्याने फोनला हात लावला नाही. भात लावला, वरण केले, आणि दोन्ही झाकून ठेवले.

चारनंतर मीनल आली. हेल्मेट खुंटीला लावून ती पाणी प्यायली आणि आतल्या खोलीत गेली. स्टूल ओढल्याचा आवाज आला. शंकर दारापर्यंत गेला तेव्हा ती माळ्यावरची काळी बॅग खाली घेत होती.

"बॅग कशाला?"

"सेंटरच्या मागच्या बिल्डिंगमध्ये आमच्या स्टाफमधल्या शीतलसोबत एक जागा आहे. ती कधीपासून बोलावतेय."

"बरं," शंकर म्हणाला. "जायचं तर जा. मी अडवणार नाही. पण आधी हे बघ." त्याने फोन तिच्यापुढे धरला. "कुलूप नाहीये. सगळं बघ. सकाळी फोन मधुचा नव्हता. वडवलीच्या एका बाईंचा होता. रविवारी बघायला येतो म्हणत होत्या."

मीनलने फोन घेतला. ती बॅगेवरच बसली. बँकेचा संदेश, वडवलीच्या बाईंचा नंबर, त्या गोड बोलणाऱ्याचे लागोपाठचे फोन, हे सगळे ती न बोलता पाहत गेली. शंकर उभा राहून सांगत गेला. मधुने काढून दिलेला नंबर, लिंक, पिन. तो काही गाळत नव्हता आणि स्वतःची बाजूही मांडत नव्हता.

"लिंक उघडलीत?" तिने मान वर करून घाईने विचारले.

"नाही. पुसून टाकली."

"नक्की?"

"नक्की."

तिने श्वास सोडला. "नेटवर शोधलेला नंबर कधी लावायचा नाही पप्पा. कोणीही टाकतं तिथे नंबर. कंपनीशी बोलायचं तर कंपनीच्याच अ‍ॅपच्या आत जायचं." थोड्या वेळाने ती म्हणाली, "अ‍ॅप आजच टाकलेलं दिसतंय."

"तेव्हाच काढून टाकलं होतं. दुसऱ्या दिवशीच. आधी फोटो काढले, मग अ‍ॅप. मंडळात केलं होतं तसंच."

मीनलने फोन खाली केला.

"पप्पा, मंडळाची फाइल मंडळात असते. तुम्ही अ‍ॅप काढलंत ते फक्त तुमच्या फोनमधून गेलं. तिकडे माझं नाव होतं तसंच आहे. आणि दर तीन महिन्यांनी पैसे कापायची परवानगी, तीही तशीच."

"मी कधी दिली परवानगी?"

"शेवटचा प्लॅन घेताना. खाली बारीक अक्षरात असतं. तुम्ही पिन टाकलात ना, तेव्हाच दिलीत."

शंकर पलंगाच्या कडेवर टेकला. दाब दाखवणारा काटा म्हणजे दाब नव्हे, असे कारखान्यात नव्या मुलांना तो पहिल्याच दिवशी शिकवत असे, ते त्याला आठवले. "म्हणजे मी प्रेशर गेज उतरवून खिशात टाकलं," तो सावकाश म्हणाला. "काटा दिसेना, तर म्हटलं प्रेशरच नाही."

"आणि बॉयलर आत पेटलेला," मीनल म्हणाली. लहानपणापासून तिने जेवताना बॉयलरच्याच गोष्टी ऐकल्या होत्या. तिच्या चेहऱ्यावर हसू नव्हते, पण आवाज सकाळपेक्षा सैल झाला होता. "मग कसा बंद करतात?"

"आधी फीड. आत इंधन जाता कामा नये. मग व्हॉल्व्ह. मग थांबून खात्री करायची, आणि किल्ली आपल्या खिशात."

"चला तर. आधी फीड."

दोघे बैठकीच्या खोलीत येऊन बसले. मीनलने पैसे देण्याचे अ‍ॅप उघडले आणि फोन वडिलांच्या हातात दिला. "तुम्हीच करा. पुढच्या वेळी लागेल." वरच्या कोपऱ्यातल्या गोल चित्रावर त्याने बोट ठेवले. खाली खाली जात 'ऑटोपे' सापडले. आत दोन नावे होती.

"हे दुसरं काय?"

"सिनेमांचं आहे. मधुने टाकून दिलं. एक महिना फुकट म्हणाला."

"फुकट महिना संपायच्या आधी बंद करायचं असतं ते. नाहीतर पुढच्या महिन्यापासून पैसे."

"मला काय माहीत? मी एकच सिनेमा बघितला. तोही अर्धा."

दोन्ही नावांपुढे एकामागून एक 'रद्द करा' दाबले गेले. पिन मागितला तेव्हा शंकरचे बोट थबकले. त्याने मुलीकडे पाहिले.

"इथे टाकायचा," ती म्हणाली. "ही तुमचीच परवानगी आहे. तुम्हीच काढून घेताय."

बँकेकडून परवानगी रद्द झाल्याचे संदेश आले. मीनलने पडद्याचे फोटो काढायला लावले. "उद्या कोणी नाही म्हटलं तर दाखवायला."

मग व्हॉल्व्हची पाळी आली. अ‍ॅपने पुन्हा आकडा मागितला. या वेळी मीनलचा फोन तिच्या मांडीवरच होता. तिने तो वाचला आणि स्वतःच टाकला. आत तिचे नाव होते. नावापुढे सोनेरी खूण आणि फोटोच्या जागी एका बाईची करडी आकृती. खाली माहिती होती. मीनल ती वाचू लागली.

"'स्वभाव शांत.' हे मी नव्हतं लिहिलं. आईने लिहायला लावलं."

"ती म्हणाली, भांडकुदळ लिहिलं तर कोण येईल?"

मीनल आता हसली. पुढे 'आवडी' होत्या, वाचन आणि भरतकाम. भरतकामही आईचेच होते. तिने आयुष्यात एक रुमाल भरला होता, तोही शाळेत. ती सगळे सावकाश वाचत खाली गेली. सर्वांत शेवटी, सहज सापडू नये अशा ठिकाणी, 'खाते कायमचे काढून टाका' ही ओळ होती. तिच्यावर बोट ठेवताच अ‍ॅपने आधी सवलत देऊ केली. मग काही दिवस नाव नुसते झाकून ठेवण्याचा पर्याय दिला. दोन्ही नाकारल्यावर कारण विचारले. 'या अ‍ॅपवर जोडीदार मिळाला. दुसरीकडे लग्न ठरले. सध्या विचार नाही. इतर.'

"दुसरीकडे ठरलं, असं लिही," शंकर म्हणाला. "परत विचारणार नाहीत."

मीनलने काही दाबले नाही.

शंकरला सकाळची गॅलरी आठवली. बाईंनी विचारले होते, जमले नाही आणि काढून घेतले? त्यावर त्याला टँकर पुढे करावा लागला होता. गेली कित्येक वर्षे, नातेवाइकांत, कारखान्यात, मंडळात, कोणी विचारले की तो 'बघतोय, जमेल' असेच म्हणत आला होता. त्या रविवारनंतरही तो तेच म्हणत होता.

"नको," तो म्हणाला. "इतर दाब."

तिने दाबले. एक रिकामी चौकट उघडली. तिने फोन त्याच्यापुढे धरला. शंकरने चष्मा पुसून घातला आणि एका बोटाने, अक्षर शोधत शोधत, लिहिले : 'मुलीची इच्छा नाही. तिचे मत आम्हाला मान्य आहे.'

मीनलने ते वाचले. तिने एकही शब्द बदलला नाही. शेवटच्या बटणावर बोट मात्र तिने स्वतः ठेवले. चाक थोडा वेळ फिरले आणि पडदा पांढरा झाला.

"खात्री करायची ना?" ती म्हणाली. स्वतःचा नंबर टाकून तिने पुन्हा आत जाऊन पाहिले. 'या नंबरवर खाते नाही,' असे उत्तर आले. मग अ‍ॅपवरच दिलेल्या पत्त्यावर तिने पैसे परत मागणारी मेल पाठवली.

"देतील?"

"बहुतेक नाही. पण मागायचे."

शंकरने सकाळचा नंबर शोधला. या वेळी तो उठून बाहेर गेला नाही. खुर्चीतच बसून त्याने फोन लावला आणि मीनल पायाशी पडलेले वर्तमानपत्र गोळा करीत ऐकत राहिली.

"जय भीम, ताई. सकाळी नीट बोलणं झालं नाही. मुलीचे वडील बोलतोय, बदलापूरवरनं... नाही, काही अडचण नाही. मुलीचीच इच्छा नाही. नाव आज पूर्ण काढलं. तुमचा रविवार फुकट जायला नको म्हणून सांगितलं... हो, स्वतः कमावते. माझ्याजवळच असते."

बाई तिकडून काहीतरी बराच वेळ बोलत होत्या. "तुमच्या मुलाला चांगली मुलगी मिळो," असे म्हणून त्याने फोन ठेवला.

"काय म्हणाल्या?"

"म्हणाल्या, बरं झालं सांगितलंत. लोक नुसते फोन उचलायचे बंद करतात."

दोघे जेवले. वरण गार झाले होते. ते पुन्हा गरम करायला कोणी उठले नाही. काळी बॅग आतल्या खोलीच्या दारात तशीच पडली होती. रात्री शंकर तिला वळसा घालून झोपायला गेला. सकाळी उठला तेव्हा ती माळ्यावर होती. मीनलने ती केव्हा ठेवली, हे त्याला कळले नाही आणि त्याने विचारलेही नाही.

पुढच्या दिवसांत एक लहानसा बदल झाला. रोज सकाळी चहाच्या वेळी त्याचा फोन वाजत असे. 'आज तुमच्यासाठी नवीन स्थळे,' असा संदेश येई. अ‍ॅप काढल्यावरही तो साध्या संदेशांत येत राहिला होता, पण जाहिरात समजून शंकर तो उघडत नसे. आता तोही येईनासा झाला. पहिले दोन-तीन दिवस त्या वेळी त्याचा हात फोनकडे गेला. नंतर तो त्या वेळेत गॅलरीतल्या तुळशीला आणि कोरफडीला पाणी घालू लागला.

रविवारी मीनलला सुटी होती. दुपारी तो झोपून उठला तेव्हा स्वयंपाकघरातून चहाचा वास येत होता. मीनल ट्रे न घेता, दोन्ही हातांत एकेक कप-बशी धरून बाहेर आली. पांढरे, निळ्या काठाचे कप होते.

शंकर गडबडीने उठून बसला. अंगातला बनियन त्याने खाली ओढला आणि खुंटीवरच्या शर्टाकडे हात नेला. "कोण येतंय?"

"कोणी नाही."

"मग हे कशाला काढलेस?"

"चहा प्यायला," मीनल म्हणाली. "आपणच आहोत."

तिने एक बशी त्याच्यापुढे ठेवली आणि दुसरी घेऊन ती समोर, पाहुणे बसत त्या खुर्चीवर, पाय वर घेऊन बसली. शंकरने शर्ट तसाच खुंटीवर राहू दिला. एवढ्या वर्षांत त्या कपांतून तो कधी चहा प्यायला नव्हता. पाहुण्यांपुढे ते धरताना त्याचे स्वतःचे स्टीलचे भांडे नेहमी आत ओट्यावर थंड होत राहिलेले असे. कपाचा कान त्याच्या जाड बोटांना लहान पडत होता. त्याने मग कान सोडून दिला आणि कप दोन्ही तळव्यांत धरला.

चहा झाल्यावर तो स्वतः उठला, कप विसळले आणि फडक्याने पुसले. पुसलेले कप हातात घेऊन तो शोकेसपाशी आला. वरच्या कप्प्यात उरलेले चार कप होते. खाली अंथरलेल्या जुन्या वर्तमानपत्रावर काढलेल्या दोन कपांच्या जागी दोन गोल ठसे उमटले होते. तेवढाच कागद पिवळा पडलेला नव्हता. तो तिथे थोडा वेळ थांबला. मग त्याने उरलेले चारही कप एकेक करून बाहेर काढले आणि सहाही स्वयंपाकघराच्या मांडणीत, रोजच्या पेल्यांशेजारी, पालथे घालून ठेवले.